परतीच्या डब्यातली मूठ

सावित्राबाई शेडच्या दारात येऊन उभी राहिली तेव्हा रेणुकाला वाटलं, डबा बदलून न्यायला आली असेल. तिने हातातला ओला डबा पालथा घातला, पदराला हात पुसले आणि नेहमीच्या हळू आवाजात म्हणाली, "या. आज एवढ्या सकाळी?"

लोहगडवाडीच्याही वरच्या अंगाला, डोंगराला चिकटून सावित्राबाईची थोडक्या घरांची वाडी. तिथून बरीचशी वाट ती पायी उतरली असणार, कारण लुगड्याचा काठ दवाने पार भिजला होता. तिची नजर रेणुकावर नव्हतीच. भिंतीच्या मांडणीवर स्टीलचे डबे चकाकत होते, एकासारखा एक, वरपासून खालपर्यंत. जत्रेत लेकरू हरवल्यावर बाई जशी तोंडं न्याहाळत फिरते, तशी ती एकेका डब्याकडे बघत होती.

"माजा डबा यातला कोंचा?"

रेणुकाला हसू आलं. इथे कुणाचाच डबा कुणाचा नसतो, हेच तर वर्षभर सगळ्यांना सांगून तिचं तोंड दुखलं होतं. वस्तू एकदा वापरून फेकायची नाही, परत घ्यायची, धुवायची, पुन्हा वापरात आणायची, असं सरकारने साऱ्या देशासाठी मनावर घेतलं होतं, आणि ज्या थोड्या तालुक्यांत आधी करून बघायचं ठरलं त्यांत मावळ आला. लोणावळ्याच्या चिक्कीवाल्यांनी, लोहगडवाडीच्या टपऱ्यांनी, कामशेतच्या किराणा दुकानदारांनी पिशव्या आणि पुडे सोडले आणि हे झाकणाचे डबे धरले. गूळ डब्यात, डाळ डब्यात, चिक्कीसुद्धा डब्यात. रिकामा झाला की कुठल्याही दुकानात परत द्यायचा. बजरंग टेम्पो घेऊन फिरायचा आणि ते सगळे डबे कामशेतच्या बाजारामागे, भाताच्या गिरणीला लागून असलेल्या या पत्र्याच्या शेडमध्ये आणून टाकायचा. गिरणीतला तूस जाळून पाणी तापवायचं, सोडा घालून डबे धुवायचे, उन्हात पालथे घालायचे, की निघाले पुन्हा फिरायला. रेणुकाचं काम दारातलं. आलेला डबा उघडायचा, बघायचा आणि धुण्याकडे सारायचा.

"सावित्राबाई, डबा कुठलाही घ्या. सगळे सारखेच आहेत."

"सारके न्हाईत, ताई." सावित्राबाईने दाराची चौकट धरली. "त्यात औषध व्हतं. गवत जाळायचं."

बाहेर गिरणी सुरू झाली, त्या घरघरीत पुढचे शब्द रेणुकाला नीट ऐकू आले नाहीत. पण जे ऐकू आलं तेवढ्यानेच तिच्या हातातलं फडकं खाली पडलं.

सावित्राबाई सांगत गेली, तुटक तुटक. तिचा नवरा शिदू पवनेच्या बाजूला एका बंगल्यावर बागेच्या कामाला जायचा. तिथल्या मोठ्या कॅनमधलं उरलेलं तणनाशक त्याने आपल्या बांधावर मारायला मागून आणलं. पूर्वी असल्या कामाला प्लास्टिकची बाटली असायची. आता वाडीत बाटली औषधालासुद्धा उरत नव्हती, पोरं सगळ्या बाटल्या वेचून वजनावर देऊन टाकायची. मग हाताला लागला तो हा डबा. काम झाल्यावर शिदूने तो ओढ्यावर खळबळून कुडावर पालथा घातला आणि कुणाला काही बोलला नाही. सावित्राबाईला दिसला तो लख्ख, कोरडा डबा. तिने तो टपरीवर परत दिला. काल शिदू डबा शोधायला लागला, तेव्हा सगळं निघालं.

"त्यो म्हनला, मी दुसऱ्यांदा धुवून मगच देनार व्हतो. मी रातभर डोळा लावला न्हाई."

रेणुकाने तोंडावर हात ठेवला, मग काढला. डबे तर रोजच उकळत्या सोड्याच्या पाण्यातून जातात, ती स्वतःला म्हणाली. डब्याचं एवढं नाही. पण सावित्राबाईकडे बघताना तिला कळत होतं की अजून काहीतरी यायचंय, आणि ते काय हेही तिला ठाऊक होतं. विचारायची हिंमत होत नव्हती. तरी तिने विचारलं.

"रिकामाच दिला होतात ना?"

सावित्राबाईने तिच्याकडे पहिल्यांदा सरळ पाहिलं. असं कसं विचारता, अशी ती नजर होती.

"आमच्यात रिकामा देत न्हाईत. नव्या भाताचं मूठभर तांदूळ घातलं व्हतं. हातसडीचं."

आमच्यातही देत नाहीत, हे रेणुकाला सांगायची गरजच नव्हती. मावळात शेजारणीचं भांडं परत करताना कुणी त्याच्या तळाशी चार दाणे टाकल्याशिवाय देत नाही, मग ती माळीणबाई असो, पाटलीणबाई असो, की डोंगरातली. वाटीत साखर आली तर चिमूटभर गूळ जातो, परातीत पीठ आलं तर मूठभर तांदूळ. योजनेचे डबे सुरू झाले आणि बायांनी त्यांनाही हाच न्याय लावला. दुकानाचा असला म्हणून काय झालं, डबा तो डबा. रोज कुठल्या ना कुठल्या डब्यात रेणुकाला मूठ सापडायची. कामशेतच्या पांढऱ्या इंद्रायणीची, कुणाकडे आंबेमोहोराचा वास, आणि डोंगराकडून आलेल्या डब्यात लालसर, जाड, सालीची रेघ राहिलेले दाणे.

पुण्याहून प्रशिक्षण द्यायला आलेली तेजल पहिल्याच आठवड्यात म्हणाली होती, "मावशी, डब्यात जे काही येईल ते खताच्या खड्ड्यात टाकायचं. कुणाच्या घरी त्यात आधी काय होतं, आपल्याला कुठे माहीत असतं?" मुलगी चांगली होती, समजावून सांगायची. रेणुकाने मान डोलावली. आणि त्याच दिवशी मांडणीखाली एक ॲल्युमिनियमचं पातेलं ठेवलं. पाट्यावरून घरंगळलेला दाणा वेचून कपाळाला लावणारी ती बाई. दुसऱ्याच्या मुखी घास घातल्याशिवाय स्वतः जेवायचं नाही, हे तिचं लग्नापासूनचं रोजचं व्रत. चिमणी असो, गाय असो, नाहीतर वाटेवरचा भिकारी. तिने अन्न खड्ड्यात कसं टाकावं? मूठमूठ करून पातेलं भरत आलं, तेव्हा तिला वाटलं देवीनेच ही वाट दाखवली. मार्गशीर्षातल्या शेवटच्या गुरुवारी, उद्यापनाला, अंगणवाडीतल्या मुलांना याच तांदळाचा साखरभात घालायचा. तालुक्यातल्या शंभर घरांची मूठ एका पातेल्यात. याहून मोठा प्रसाद कुठला?

आज तो गुरुवार होता.

पातेलं तिने काल संध्याकाळीच घरी नेलं होतं. आज उजाडताच, देवीपुढे दिवा लावून, ते सुनेच्या, अंगणवाडीत सेविका असलेल्या अनिताच्या, हातात दिलं होतं.

रेणुकाने फोन उचलला. बोटं ओली होती, काचेवर उमटेनात. अनिताचा फोन वाजत राहिला आणि बंद पडला. अंगणवाडीत शिरली की ती फोन फडताळात ठेवायची, मुलं ओढतात म्हणून. नंदाबाई, तिथली मदतनीस, तिचा फोन लागतच नव्हता. सत्यम, रेणुकाचा मुलगा, तळेगावला पहिल्या पाळीला, कारखान्यात फोन बाहेर जमा. रेणुकाने पुन्हा अनिताला लावला. परत वाजून थांबला.

"बजरंग," ती म्हणाली. आवाज इतका खाली गेला होता की सावित्राबाईनेच पुढे होऊन टेम्पोवाल्याला हाक मारली.

बजरंगने आधी डबे उतरवायचे म्हटलं. मग रेणुकाचं तोंड बघितलं आणि डबे तसेच ठेवून गाडी चालू केली. दोघी बाया पुढेच दाटीवाटीने बसल्या. मागे रिकाम्या डब्यांचा खडखडाट, पुढे धुकं. अंगणवाडी कान्ह्याला, रेणुकाच्याच गावात. कामशेत ते कान्हे, एवढंसं तर अंतर. रोज ये-जा करायची ती. आज रस्ता पायाखालून कुणी मागे ओढून घेतल्यासारखा संपेना. दूधवाल्याची गाडी आडवी आली. हायवेवर लोणावळ्याहून उतरलेल्या पर्यटकांच्या गाड्यांची रांग लागलेली. बजरंग आपला धीर द्यायला बोलत होता, की मावशी, एवढ्याशा मुठीने काय होतंय, पातेलं किती मोठं. रेणुकाला ते ऐकवत नव्हतं. मूठ एवढीशी आणि मुलंही एवढीशीच. तिची नात प्रेरणा त्यांतच बसलेली, चौथं नुकतंच लागलेलं. साखरभात म्हटलं की ती दोन्ही हातांनी खायची.

ती देवीचं नाव घेऊ बघत होती. रोज न चुकता ओठांवर असणारं नाव, पण आज ते सापडेना. नावाच्या जागी एकच येत होतं, की तांदूळ मीच दिला. खड्ड्यात टाकायला सांगितलेला तांदूळ मी निवडला, धुतला, सुनेच्या हातात दिला.

"लाल दाणे दिसले होते मला," ती अचानक म्हणाली. "निवडताना. मी म्हटलं, डोंगरातल्या कुणीतरी मनापासून दिलेत. हातात घेऊन बघितले."

सावित्राबाईने मान खाली घातली. तिच्या मांडीवर तिचे हात एकमेकांत घट्ट अडकले होते.

कान्ह्याचं फाटक बंद होतं.

बजरंगने गाडी बंद केली. मालगाडी येणार होती, फाटकवाला हात हलवून सांगत होता. रेणुका खाली उतरली. फाटकापलीकडे, गावाच्या वळणावर अंगणवाडीचं कौलारू छप्पर दिसत होतं आणि त्यावरून निळसर धूर वर चढत होता. म्हणजे चूल अजून पेटलेली. म्हणजे भात झाला नसेल. की झाला असेल आणि आता नुसतीच धुमसतेय? मालगाडी आली ती अशी सावकाश, जणू तिला कुठे जायचंच नव्हतं. डब्यामागून डबा, डब्यामागून डबा. मधल्या फटीतून रेणुकाला पलीकडचा रस्ता तुकड्या-तुकड्याने दिसत होता. त्या रस्त्यावर एकही मूल नव्हतं. म्हणजे सगळी आत बसली होती.

शेवटचा डबा गेला. फाटक उघडायच्या आत ती आडव्या दांड्याखालून वाकून गेली. पळायची सवय तुटून किती वर्षं झाली होती. चपलेचा अंगठा तुटला, चपला तिथेच राहिल्या.

अंगणवाडीच्या पडवीत मुलं दोन रांगांत बसली होती. समोर ताटल्या, ताटल्यांत केशरी भात, वर मनुके. अनिता पातेल्याशी उभी होती, हातात उलथनं. मुलांचे डोळे मिटलेले, हात जोडलेले. नंदाबाई त्यांच्याकडून जेवणाआधीचा श्लोक म्हणून घेत होती आणि मुलं तिच्या मागून ओळी ओढत होती. वासाने सगळी पडवी भरली होती. तूप, लवंग, नवा तांदूळ.

"खाऊ नका," ती म्हणाली.

कुणाला ऐकूच गेलं नाही. तिचा आवाज असाच, आयुष्यभर देवाशी बोलून बोलून मऊ झालेला. सासरच्या अंगणात सुद्धा तिने कधी कुणाला मोठ्याने हाक मारली नव्हती. तिने पुन्हा म्हटलं. श्लोक संपत आला होता. अनिताने मान वर करून पाहिलं आणि हसली. सासूबाई उद्यापनाला वेळेवर आल्या असं तिला वाटलं असणार. एका पोराने एक डोळा उघडून ताटलीकडे बघितलं.

पातेलं चुलीवरून नुकतंच उतरवलेलं, हात लावायची सोय नव्हती. रेणुकाने पाय उचलला आणि पातेलं लाथेने उलटं केलं.

भात शेणाने सारवलेल्या जमिनीवर पसरला. वाफ उठली. श्लोक मध्येच थांबला. नंदाबाईचं तोंड उघडंच राहिलं. रेणुकाकाकू, जमिनीवरचा दाणा कपाळाला लावणाऱ्या, प्रसादाला पाय लावून उभ्या होत्या. पायाला चटका बसला होता, तो तिला फार उशिरा कळला.

"औषध आहे भातात," ती आता म्हणाली, आणि या शांततेत तिचा हळू आवाज सगळ्यांना ऐकू आला. "ताटल्या उचला. हात लावू देऊ नका कुणाला."

अनिताने काही विचारलं नाही, हे रेणुकाला पुढे कितीतरी दिवस आठवत राहिलं. तिने वाकून एकेक ताटली अशी उचलली की मुलांना खेळच वाटावा. दोघं-तिघं रडायला लागली. नंदाबाई त्यांना अंगणात घेऊन गेली. तेवढ्यात रेणुका प्रेरणाजवळ पोहोचली होती. पोरगी ओठ घट्ट मिटून बसली होती, गालात काहीतरी. रेणुकाने तिच्या तोंडात बोट घातलं. मनुका निघाला, अर्धा चावलेला, त्याला भाताचं एक शीत चिकटलेलं. तिने तो आपल्या तळहातावर घेतला. शीत पांढरं होतं की लाल, केशरी रंगात कळत नव्हतं.

"एवढंच खाल्लंस? खरं सांग बाळा."

प्रेरणाने मान डोलावली आणि मग भोकाड पसरलं.

"आत्या," अनिता मागून म्हणाली. अगदी साध्या आवाजात म्हणाली. "मी खाल्लाय. चमचाभर. चव बघायला."

या एका गोष्टीवरून सासू-सुनेत वर्षभर धुसफूस होती. अंगणवाडीचा नियमच तसा, मुलांना वाढायच्या आधी सेविकेने स्वतः खाऊन बघायचं. रेणुका म्हणायची, रोजच्या खिचडीला तुमचा नियम चालवा, पण देवाच्या नैवेद्याची कुणी चव बघतं का? आधी देवाला, मग लेकरांना, मग उरलं तर आपल्याला. कालच ती सुनेला बजावून सांगत होती, उद्या तेवढं उष्टं करू नकोस. अनिता नेहमीसारखी हसून म्हणाली होती, "आधी मी, मग लेकरं. माझ्या नोकरीचं व्रत हेच आहे, आत्या."

बजरंगचा टेम्पो तोवर दारात आला होता. त्याच टेम्पोत, खडखडणाऱ्या डब्यांपुढे, अनिताला आणि प्रेरणाला घालून सगळे सरकारी दवाखान्यात गेले.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला तो औषधाच्या नावाचा. नाव कुणाला माहीत होतं? सावित्राबाईला वाचता येत नव्हतं आणि कॅन बंगल्यावर. तिने हाताने आकार काढून दाखवला, रंग सांगितला. डॉक्टरीणबाईंनी दोघींची नाडी बघितली. म्हणाल्या, डबा ओढ्यावर धुतलेला, मूठभर तांदूळ, तोही एवढ्या मोठ्या पातेल्यात, निवडून धुवून शिजवलेला, म्हणजे घाबरायचं कारण फारसं दिसत नाही. पण असल्या औषधांत एक जात अशी असते की लगेच काही जाणवत नाही, त्यामुळे नाव कळेपर्यंत दोघींना इथून सोडणार नाही. बजरंग तसाच टेम्पो वळवून पवनेच्या वाटेला लागला, कॅनचा फोटो आणायला.

त्या 'फारसं'ला धरून रेणुका बाकावर बसली. अनिता कॉटवर टेकून पोरीला गोष्ट सांगत होती. तिच्या ओठांचा रंग बदलतोय का, हात थरथरतायत का, रेणुका बघत होती. अनिताने पाणी मागितलं, तर रेणुकाच्या काळजाचं पाणी झालं. खोकली, तर ती उठून उभी राहिली. देवी, ती मनात म्हणत होती, मी तुझा प्रसाद पायाने उडवला, त्याची शिक्षा मला दे. मग तिला वाटलं, पायाने उडवला याची शिक्षा मागतेय मी, आणि हातांनी दिला त्याची?

सावित्राबाई आत आली नव्हती. दाराबाहेर, पायरीच्या कडेला उकिडवी बसली होती. जाणारे-येणारे तिच्याकडे बघत होते. नंदाबाईचा नवरा मघाशी येऊन बोलून गेला होता, की या डोंगरातल्या लोकांना अक्कल नाही, यांचे डबे बंद करा. रेणुकाने ते ऐकलं होतं आणि गप्प बसली होती. ते गप्प बसणंही तिला आता चावत होतं. ती उठून बाहेर गेली.

"आत या. गारठा आहे."

"नगं, ताई. तुमच्या माणसांना आवडायचं न्हाई."

रेणुका तिच्या शेजारी पायरीवर टेकली.

"तुम्ही आला नसतात तर?" रेणुका म्हणाली.

"त्यो म्हनला, जाऊ नगं, आपल्यावर येईल. मी म्हनलं, येऊ दे."

तेजलचा फोन आला. तिला कुणीतरी कळवलं होतं. ती रागावली नाही. सगळे डबे थांबवलेत, मांडणीवरचे, दुकानांतले, लोणावळ्याचेसुद्धा, पुन्हा धुऊनच सोडायचे, असं म्हणाली. मग अडखळून म्हणाली, "मावशी, पण तो नेमका डबा कुठला, ते काही कळायचं नाही आता." ते रेणुकाला सकाळीच कळलं होतं. एकासारखा एक. कुणाच्या तरी फळीवर, कुणाच्या तरी गुळाखाली तो असेल. दहा वेळा उकळून निघाला तरी तिला तो आता दिसतच राहणार होता. वस्तू फिरवून वापरायची म्हणजे तिच्यासोबत काय काय फिरतं, याचा तिने कधी विचारच केला नव्हता. आपण पुण्य तेवढं फिरवतोय अशा समजुतीत ती होती.

दुपार कलली तेव्हा बजरंगने पाठवलेला कॅनचा फोटो आला. डॉक्टरीणबाईंनी तो मोठा करून वाचला आणि खुर्चीला पाठ टेकली. ती भयंकर जात नव्हती. संध्याकाळपर्यंत बसा, मग घरी जा, त्या म्हणाल्या. अनिताने डोळे मिटले, तेव्हा रेणुकाला कळलं की सून इतका वेळ गोष्टी सांगत होती ती स्वतःलाच धीर द्यायला.

घरी जायच्या आधी रेणुका एकटी अंगणवाडीत गेली. भात तसाच पडला होता, नंदाबाईने वर टोपली पालथी घातलेली. गाईला घालता येत नव्हता, कुत्र्याला घालता येत नव्हता, खताच्या खड्ड्यात कोंबड्या उकरायच्या. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या हातात असं अन्न होतं जे कुणाच्याच मुखी जाऊ नये. तिने मागे खोल खड्डा खणून घेतला, भात त्यात लोटला, वर दगड रचले. हात जोडावेत की नाही ते तिला ठरवता आलं नाही. बराच वेळ ती तिथेच उभी राहिली, कुठली कोंबडी येतेय का बघत.

पुढे शेडच्या दारावर पाटी लागली. ‘डबा झाकण काढून, रिकामाच आणावा.’ वाचणाऱ्या बायांची तोंडं वाकडी झाली. आमची मूठ विषारी का, असं एक-दोघी बोलल्या, आणि काहींनी डबेच आणायचं सोडलं. पुन्हा पिशव्या दिसायला लागल्या. वरच्या वाड्यांवरून तर एकही डबा येईना. तेजल हताश होऊन म्हणाली, एवढं वर्षभर जमवलेलं एका पाटीने जाणार, आणि पाटी काढूही शकत नाही. रेणुका डबे उघडत राहिली. रात्रीची झोप उडाली होती. प्रेरणा दोनदा शिंकली की ती उठून बसायची.

पौषातल्या एका सकाळी सावित्राबाई दारात उभी राहिली. डोक्यावर वाडीतले सगळे डबे दोरीने बांधलेले, झाकणं वेगळी, तोंडं खाली. तिने ते उतरवले आणि एकेक उघडा डबा रेणुकासमोर धरून आतून दाखवला. सगळे रिकामे. मग तिने पदराची गाठ सोडली.

"डब्यात न्हाई घातलं," ती म्हणाली. "हातात घ्या. ह्ये पदरातलं हाय. वाडीतल्या समद्या बायकांनी घातलंय."

लालसर, जाड, हातसडीचे दाणे. रेणुका त्यांच्याकडे बघत राहिली. हात पुढे करायचा होता, पण तो येईना. तोच तुपाचा वास नाकात आला. समोर सावित्राबाई पदर धरून उभी, आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते रेणुकाने आरशात रोज पाहिलं होतं. तीही घाबरलेली होती. नाही म्हटलं तर काय, याला घाबरलेली.

रेणुकाने दोन्ही हात ओंजळ करून पुढे केले.

तांदूळ तिने धुतला. परत धुतला. शेडच्या चुलीवर, तुसाच्या जाळावर, छोट्या पातेल्यात ठेवला. सावित्राबाई उंबऱ्याशी बसून होती, धुण्याच्या बाया काम थांबवून बघत होत्या. भात झाला तशी रेणुकाने ताटलीत काढला. सवयीने तिची नजर बाहेर गेली. गिरणीच्या पत्र्यावर चिमण्या बसल्या होत्या, रस्त्यावर एक गाय उभी होती. आज तिच्या हातून अजून कुणाच्याच मुखी घास गेला नव्हता. भिंतीवरच्या तसबिरीतून देवी बघत होती.

"माफ कर," रेणुका हळूच म्हणाली. मग सावित्राबाईकडे वळली. "आज आधी मी."

तिने घास तोंडात घातला. घास फिरत राहिला. हातसडीचा भात, चावावा लागतो. ती चावत राहिली. गिळला. छातीत धडधड चालू होती, ती थांबली नाही, थांबेल असंही तिला वाटलं नव्हतं. तिने दुसरा घास घेतला, आणि ताटली खाली ठेवून, भिंतीला टेकून वाट बघत बसली.

चुलीतला तूस हळूहळू राख होत गेला. बऱ्याच वेळाने उंबऱ्यावरून सावित्राबाईने ताटलीकडे हात पुढे केला, पण रेणुकाने ताटली जवळ ओढून घेतली.

"थांबा," ती म्हणाली. "अजून थोडा वेळ."